गावरस्त्याचा निधी: आधी डांबर की आधी मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट)? (खारपाणपट्टा)

पूर्णाकाठ | ८ जून २०२५

नमस्कार मंडळी. मी पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातल्या (जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातल्या) एका लहान गावचा ग्रामपंचायत सदस्य. गावापासून प्रमुख जिल्हा मार्गाच्या फाट्यापर्यंत पावणेतीन किलोमीटरचा रस्ता आहे आणि गावाचं सगळं घोडं तिथेच अडतं. फार पूर्वी त्यावर गिट्टी पडली होती. ती आता काळ्या मातीत उतरून गेली. फावडं मारलं की वीतभर खाली लागते.

मृगाचा एक चांगला पाऊस झाला की मोटरसायकलचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो. पोरं पऱ्हाटीची काडी घेऊन तो उकरत रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात. १०८ ची गाडी फाट्यावर थांबते, पेशंटला तिथवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत न्यावं लागतं. सोयाबीन निघाल्यावर परतीचा पाऊस आला तर माल खळ्यातच अडकतो, आणि मग जो व्यापारी गावात येईल त्याच्या भावाने द्यावा लागतो. याशिवाय वावरात जाणारी एक पांदण आहे, दीडेक किलोमीटरची. श्रावणात तिच्यातून गुडघाभर पाणी वाहतं.

ग्रामसभेत प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतो आमदार निधी मागा, कोणी पंधरावा वित्त आयोग, कोणी मातोश्री पांदण योजना. लोकप्रतिनिधींना निवेदनं देऊन झाली, आश्वासनंही मिळाली. मला जाणकारांकडून एवढंच समजून घ्यायचं आहे की कोणत्या कामाला कोणता पैसा लागतो आणि सुरुवात कुठून करावी.

---

जुना शाखा अभियंता | ८ जून २०२५

भाऊ, माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात झाली, वर्धा आणि आसपासच्या जिल्ह्यांत. निधीचं नंतर बोलू. आधी सांगा, तुमच्या रस्त्याला क्रमांक आहे का?

आपल्याकडे रस्त्यांची जी उतरंड आहे ती विदर्भातच ठरली. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी झाली. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब राहू नये, हे त्या नागपूर योजनेचं उद्दिष्ट होतं. वर्गवारी आजही तीच चालते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. राज्याने २००१ ते २०२१ या काळासाठी रस्ते विकास योजना केली, तिच्यात प्रत्येक रस्त्याला क्रमांक आणि लांबी दिलेली आहे. तुमचा रस्ता त्या यादीत "ग्रा.मा. अमुक" असा असेल तर त्याला मालक आहे. नसेल तर देखभालीच्या पैशाला तो दिसतच नाही.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात तालुक्याची यादी आणि नकाशा असतो. तो पाहून या आणि क्रमांक, सुरुवातीचं ठिकाण, शेवटचं ठिकाण, लांबी असं सगळं लिहून आणा.

---

पूर्णाकाठ | १३ जून २०२५

सर, पाहून आलो. क्रमांक आहे. पण यादीतली लांबी १.९ किमीच आहे. नकाशावरचा रस्ता नाल्याच्या अलीकडून जातो आणि आमचा वापरातला रस्ता नाल्यापाशी वळून दोन-तीन शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरून (बांधावरून) पलीकडे निघतो. म्हातारी माणसं सांगतात की एका मोठ्या पुरात जुनी वाट खचली, तेव्हापासून लोक धुऱ्यावरून जाऊ लागले. म्हणजे उरलेला तुकडा कागदावर रस्ताच नाही.

---

सातबारा_नकाशा | १३ जून २०२५

मी महसूल खात्यात आहे, म्हणून या तुकड्याबद्दल लिहितो. इथेच बहुतेक गावांची गाडी रुतते.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. नकाशात दुहेरी तुटक रेषा असेल तर तो गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा असेल तर पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायमार्गाची सव्वाआठ फूट. जुनी वाट नकाशावर असेल तर ती सरकारी आहे, तिच्यावर कोणी वखर फिरवला असेल तरी. फक्त वापरातली नवी वाट खासगी गटातून जाते, त्यामुळे त्या शेतकऱ्यांच्या लेखी संमतीशिवाय कोणताही अभियंता अंदाजपत्रकावर सही करणार नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही भूसंपादनाला पैसा नसतो, जागा राज्याने आणि गावानेच मोकळी करून द्यायची असते. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत: जुनी आखणी पुन्हा धरायची आणि नाल्यावर बांधकाम करायचं, किंवा धुऱ्यावरच्या शेतकऱ्यांकडून नोंदणीकृत संमती घ्यायची.

पांदणीचं वेगळं. असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज. वावराला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात, अर्ज चुकीच्या कलमाखाली जातो आणि वर्ष वाया जातं. मे २०२५ मध्ये शासनाने निर्णय काढला आहे: शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद, प्रकरणाचा निकाल ९० दिवसांत, आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात. ही नोंद करून घेणं अजिबात सोडू नका. वावर विकलं गेलं की नवा मालक पहिल्यांदा रस्त्यावर काटे टाकतो, तेव्हा हीच ओळ कामी येते.

---

मोर्शीवाला | १४ जून २०२५

पूर्णाकाठ भाऊ, कागद त हायेच, पण मी तुमाले माणसाइचं सांगतो. आमच्याकडं संत्र्याच्या बागाइत जाणारी पांदण दोनी बाजूनं दाबून दाबून बंडीपुरती उरली होती. संत्रा तोडून क्रेट ट्रॅक्टरवर टाकाचे, हिसके खात डांबरी रोडवर आणाचे, तिथं ट्रकमंदी भराचे. फळाले मार लागे. व्यापारी बाग पाहाले आला की पयले रस्ता पाहे आन मंग भाव सांगे.

मोकळी कराची ठरली तवा लोकाइले वाटलं का आता भांडणं होतीन. झाली बी. पण दोन गोष्टी कामी आल्या. एक म्हणजे मोजणी तूर निघाल्यावर केली, वावर रिकामं असताना. उभ्या पिकात खुंट ठोकाले गेले असते त एकानंही जागा सोडली नसती. दुसरं म्हणजे ज्याचं अतिक्रमण सगळ्यात जास्त त्याच्यापासून सुरुवात नाई केली. ज्याचं हातभर होतं, त्यानं आपल्या हातानं धुऱ्यावरचं बाभळीचं झाड तोडलं, सगळ्याइच्या समोर. मंग बाकीच्याइले नाई म्हणता येईना.

आज ट्रक बागेच्या तोंडाशी येते. माह्यं म्हणणं हायं का, तुमच्या त्या नाल्याजवळच्या शेतकऱ्याइले बैठकीत बोलावू नका. त्याइच्या घरी जा, सोबत त्याइच्या सोयऱ्यातला एखादा म्हातारा न्या.

---

जुना शाखा अभियंता | १५ जून २०२५

मोर्शीवाले भाऊ, तूर निघाल्यावर मोजणी ही गोष्ट प्रत्येक सरपंचाने लिहून ठेवावी अशी आहे.

आता निधीवर येतो. जरा लांबेल.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा २०२०-२१ ते २०२५-२६ असा आहे. आपल्या राज्यात त्यातला ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. पण त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या ४० टक्के अबंधितातून रस्ता-मोरीचं काम घेता येतं. हजार वस्तीच्या गावात ही रक्कम लहान असते. तिच्यातून पावणेतीन किलोमीटर डांबर होणार नाही, एक-दोन मोऱ्या आणि नाल्या होतील.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा, पण मतदारसंघातल्या शे-दीडशे गावांत वाटा, मग काय उरतं ते पाहा. त्यातून गावातला सिमेंट रस्ता होतो, तुमचा नाही. २५१५ या लेखाशीर्षाचंही (सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्याचंही) तसंच. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत कामं त्यातून होतात.

जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री तिचे अध्यक्ष. तिच्यातून जिल्हा परिषदेला ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली ग्रामीण मार्गांसाठी पैसा येतो. ३०५४ देखभाल-दुरुस्तीचा, ५०५४ भांडवली कामाचा. इथे क्रमांक हवाच हवा.

मग मोठ्या दोन योजना. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, २५ डिसेंबर २००० पासून. केंद्र ६०, राज्य ४०. पहिल्या टप्प्यात न जोडलेल्या वस्त्या घेतल्या, सपाट भागात ५०० लोकसंख्येच्या वरच्या आणि आदिवासी-डोंगरी भागात २५० च्या वरच्या. २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात नवी जोडणी नव्हती. शेतमालाचे बाजार, उच्च माध्यमिक शाळा, दवाखाने यांना जोडणारे मुख्य ग्रामीण रस्ते रुंद आणि मजबूत करायचे होते. चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, २०११ च्या जनगणनेवर, देशभरात २५,००० वस्त्या आणि ६२,५०० किमी. तुमचं गाव कागदोपत्री "जोडलेलं" दाखवलं असेल तर त्यात बसणार नाही, हे तपासा. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून आहे आणि ती दर्जोन्नतीला घेते. तुमच्या १.९ किमीसाठी मला तिथे जास्त वाव दिसतो.

आणि मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना, नोव्हेंबर २०२१ ची. ती रोजगार हमीला जोडलेली. रोहयोत मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागतं. पांदणीत मुरूम-गिट्टी जास्त आणि मजुरी कमी, म्हणून ज्या गावात विहिरी, वृक्षलागवड, बांधबंदिस्ती अशी मजुरीची कामं भरपूर चालतात तिथेच पांदणीचं गणित बसतं. मजुरीचं काम उघडायचं नाही आणि पांदण मागायची, असं होत नाही.

एक कळकळीची विनंती. एकाच रस्त्याचे तुकडे पाडून तीन ठिकाणचा पैसा लावू नका. आमदार निधीतून मधलेच तीनशे मीटर सिमेंट झालेले, दोन्ही बाजूंना चिखल, असे रस्ते मी पाहिले आहेत. त्या सिमेंटवर कोणाचं चाक पोचतच नाही. आणि पुढे पूर्ण रस्त्याचं अंदाजपत्रक करायला गेलं की "या साखळीत (रस्त्याच्या या लांबीत) काम झालेले आहे" असा शेरा बसतो.

---

बुलडाण्याचा गुरुजी | १६ जून २०२५

हे सगळं बरोबर आहे, पण रस्ता शेवटी होतो तो मार्चमध्ये. निधी परत जाईल म्हणून रात्री डांबर पडतं आणि जुलैत उखडतं. आमच्या शाळेच्या रस्त्याचं असंच झालं. गावकऱ्यांनी कितीही अभ्यास केला तरी दर्जा त्यांच्या हातात कुठे आहे?

---

सरपंचताई_यवतमाळ | १६ जून २०२५

गुरुजी, दर्जा पूर्ण हातात नाही, पण बराचसा आणता येतो. आमच्या गावचा रस्ता झाला तेव्हा मी आधी अंदाजपत्रकाची प्रत मागून घेतली. माहितीच्या अधिकाराची वेळ आली नाही, शाखा अभियंत्यांनी दिली. त्यातलं इंग्रजी आमच्या भाच्याने समजावलं आणि प्रत्येक थराची जाडी आम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिली. गिट्टीचा थर दबल्यावर ७५ मिलिमीटर असला पाहिजे, एवढं प्रत्येक बाईला पाठ होतं. बचत गटाच्या बाया वावरात जाता-येता थांबायच्या आणि एक साधी पट्टी कडेला उभी करून पाहायच्या.

दुसरं, पाणी आणि रोलर. मुरमावर पाणी न मारता रोलर फिरवला की वरून गुळगुळीत दिसतं आणि आत पोकळ राहतं. आमच्याकडे टँकर आला नाही त्या दिवशी आम्ही कामच थांबवलं. कंत्राटदार रागावला. पण ग्रामपंचायतीच्या विहिरीवरून आम्ही पाणी दिलं, मग त्यालाही बोलता आलं नाही.

ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला कंत्राटदाराची ५ वर्षांची देखभालीची जबाबदारी असते आणि तसा फलक मराठीत लावावाच लागतो. आमच्या रस्त्यावर दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा पडला, तेव्हा मी त्या फलकाचा आणि खड्ड्याचा एकाच चौकटीत फोटो काढून "मेरी सडक" अॅपवर टाकला. भरून मिळाला. फलकावरच्या तारखा माहीत नसतील तर आपणच ग्रामनिधीतून मुरूम टाकत बसतो.

---

जुना शाखा अभियंता | १८ जून २०२५

ताई, तुमच्यासारखे सरपंच असते तर आमचं निम्मं काम हलकं झालं असतं. हे मनापासून लिहितो.

गुरुजींच्या जुलैत उखडण्याबद्दल. मार्चची घाई खरी आहे. पण विदर्भात रस्ता बहुतेक वेळा खालून मरतो. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पितं आणि फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. एप्रिलमध्ये वावराच्या भेगांत हात जातो, त्याच भेगा रस्त्याखालीही पडतात. ओल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याचा आकडा, २ ते ३ टक्क्यांवर येतो. त्यावर गिट्टीचे दोन थर आणि २० मिलिमीटरचं डांबरी कारपेट टाकलं की ते बिचारं किती दिवस टिकणार? ओलं अंथरूण आणि वर नवी चादर, तशातली गत.

म्हणून काळ्या जमिनीत तीन गोष्टी डांबराच्या आधी. रस्ता बाजूच्या वावरापेक्षा उंच हवा. दोन्ही बाजूंना नाली हवी आणि ती नाली कुठेतरी मोकळी होत असली पाहिजे. वावराच्या कोपऱ्यात नेऊन सोडलेली नाली म्हणजे तळं. आणि काळी माती व गिट्टी यांच्यामध्ये चांगल्या मुरमाचा जाड थर हवा, म्हणजे माती वर चढत नाही आणि गिट्टी खाली उतरत नाही. पूर्णाकाठ यांच्या गावात वीतभर खाली गिट्टी सापडते, ती या थराअभावीच.

खारपाणपट्ट्यात आणखी दोन अडचणी. तिथली माती सोडियममुळे पाण्यात लवकर सुटते, म्हणून भरावाच्या बाजू धुपतात, त्यावर गवत धरलं पाहिजे. आणि मुरूम स्थानिक मिळत नाही. खोल काळा गाळ, खाली खारं पाणी. मुरूम-गिट्टी उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडून नाही तर दक्षिणेच्या पठाराकडून आणावी लागते. या वाहतुकीच्या अंतराला आम्ही लीड म्हणतो. ती लीड अंदाजपत्रकात खऱ्या अंतराची धरली आहे का, ते पाहा. कमी धरली असेल तर कंत्राटदाराला परवडत नाही आणि मुरमाच्या नावाखाली पांढरी माती येते.

मुरूम फार महाग पडत असेल तर चुन्याचा विचार करायला सांगा. काळ्या मातीत वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के चुना नीट मिसळून दाबला की तिचा फुगण्याचा गुण बराच कमी होतो. नेमकं प्रमाण प्रयोगशाळा ठरवते. ग्रामसडक योजनेत अशा पद्धतींना मान्यता आहे, पण चुना सारखा मिसळणं आणि ओल राखणं याला जाणकार माणूस उभा हवा.

---

बुलडाण्याचा गुरुजी | १८ जून २०२५

सर, हे आधी कोणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव आणि नाले खोल करून माती-मुरूम नेला गेला. महामार्गाला भराव मिळाला आणि गावाला पाण्याचा साठा. बुलडाणा पॅटर्न म्हणून तो गाजला. तसं गावरस्त्याला करता येईल का?

---

जुना शाखा अभियंता | १८ जून २०२५

जिथे तलावाच्या तळाला मुरूम लागतो तिथे जरूर. गाळ लागला तर तो वावरात टाका, रस्त्यावर नको. खारपाणपट्ट्यात बहुतेक ठिकाणी गाळच लागेल. आणि शासकीय कामासाठी असलं तरी गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून आधी घ्या, नाहीतर ट्रॅक्टर जप्त होतात.

---

वणीकर | १९ जून २०२५

थोडं आमच्याकडचं. कोळसा पट्ट्यात गावरस्ता चांगला बांधला तरी वर्षात जातो, कारण तो हलक्या वाहनांसाठी बांधलेला असतो आणि त्यावरून भरलेले हायवा (मोठे टिपर ट्रक) जातात. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा असतो, २०१५ पासून. पण त्याचा मोठा वाटा पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांना राखलेला आहे. रस्ते-पूल उरलेल्या वाट्यात येतात. मागणी करताना "खनिज वाहतुकीमुळे रस्ता बाधित" असा ग्रामसभेचा ठराव जोडावा. तुमच्याकडे खाण नाही, पण रेतीचे ट्रक जात असतील तर रस्ता झाल्या झाल्या उंचीची लोखंडी कमान लावून घ्या. फक्त १०८ ची गाडी आणि एसटी तिच्याखालून जाईल एवढी उंची ठेवा.

---

वैनगंगेपलीकडे | २० जून २०२५

आमच्या गडचिरोलीत रस्त्यापेक्षा पुलाचं दुखणं मोठं आहे. डांबर गुळगुळीत, पण नाल्यावर ठेंगणा रपटा (पुरात बुडणारा कमी उंचीचा पूल), आणि पावसाळ्यात पाणी उतरेपर्यंत पलीकडची माणसं पलीकडेच. गरोदर बाईला नावेतून किंवा खाटेवरून आणलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पूर्णाकाठ यांना एकच सांगतो: नाल्यावर काय बांधायचं ते आधी ठरवा. रस्ता त्याच्या मागे येईल.

---

पूर्णाकाठ | २४ जून २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस चांगला पाऊस होता. त्या पावसात मी आणि दोन पोरं छत्री घेऊन पूर्ण रस्ता चाललो आणि पाणी कुठून कुठे आडवं जातं त्याच्या खुणा केल्या. नाल्याशिवाय तीन जागा निघाल्या. त्यातल्या एका जागी वरच्या बाजूच्या वावराचं सगळं पाणी रस्त्यावरच येऊन थांबतं, कारण तिथे जुना पाईप आहे आणि तो मातीने पार भरलेला. आम्हाला वाटत होतं तिथली जमीनच खोलगट आहे.

मोर्शीवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे नाल्याजवळच्या शेतकऱ्यांच्या घरी गेलो. दोघे तयार आहेत, तिसरे म्हणतात, "जुन्या वाटेची मोजणी करा, ती निघाली तर मी का जागा देऊ?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून जुनी आखणी धरायची आणि नाल्यावर पक्कं बांधकाम मागायचं, असं आमचं मत होत आहे. मोजणीचा अर्ज आत्ता देतो, मोजणी फेब्रुवारीत मागतो.

मासिक सभेत असं ठरलं: अबंधित निधीतून तीन मोऱ्या आणि नालीचं काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घ्यायचं. १.९ किमीची मागणी मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेत द्यायची. उरलेल्या लांबीला क्रमांक मिळण्याचा प्रस्ताव वेगळा. पांदण मातोश्रीत, त्यासाठी रोहयोच्या विहिरींची कामं आधी सुरू करायची. डांबराची मागणी यंदा करायची नाही, यावर सभेत जोरात वाद झाला, पण पाऊस अंगावर घेऊन आलेल्या पोरांनी फोटो दाखवले तेव्हा लोकांनी मान्य केलं.

सर, मोरीला पाईप किती मोठा टाकावा? एक जण ६०० चा म्हणतो, स्वस्त पडतो म्हणून.

---

जुना शाखा अभियंता | २४ जून २०२५

पावसात चालत पाहणी केलीत, याचा फार आनंद झाला. कार्यालयात बसून काढलेल्या मोरीच्या जागा आणि पावसात दिसलेल्या जागा यांत फरक असतो.

६०० चा नको. तुमच्याकडच्या गाळाने तो तुंबतो आणि आत माणूस शिरून साफ करू शकत नाही. ९०० किंवा १००० मिलिमीटरचा, एनपी-३ दर्जाचा (सळ्या घातलेला काँक्रीटचा) घ्या. पाईपच्या वर निदान ६०० मिलिमीटर भराव राहिला पाहिजे, नाहीतर ट्रॅक्टरच्या चाकाखाली फुटतो. रस्ता तेवढा उंच करता येत नसेल तर पाईप सोडून छोटी स्लॅबची मोरी मागा. पाईप काळ्या मातीवर थेट ठेवू देऊ नका, खाली काँक्रीटचा बेड हवा. दोन्ही तोंडांना भिंती हव्यात. त्या खर्च वाचवायला गाळल्या जातात, आणि मग पाणी पाईपच्या बाजूने वाट काढतं.

मोठ्या नाल्याचं मात्र मी इथून सांगणार नाही. पुराची सर्वांत वरची खूण म्हाताऱ्या माणसांना विचारून झाडावर किंवा दगडावर रंगाने करून ठेवा आणि उपअभियंत्यांना जागेवर दाखवा.

---

सरपंचताई_यवतमाळ | २५ जून २०२५

दादा, ठराव मासिक सभेचा चालणार नाही, ग्रामसभेचा लागेल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर घ्या. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर काम चढलं नाही तर नंतर पैसा असूनही खर्च करता येत नाही. यंदाच्याच पैशातून मोऱ्या घ्यायच्या असतील तर चालू आराखड्यात बदलाचा ठराव करून घ्या आणि ग्रामसेवकांना तो लगेच चढवायला सांगा.

ठरावात प्रत्येक मोरीची जागा गट नंबरने लिहा. "गावालगत मोरी बांधणे" असं मोघम लिहिलं की ती दुसऱ्याच्याच दारात बांधली जाते.

---

सातबारा_नकाशा | २५ जून २०२५

आणि क्रमांकाच्या प्रस्तावाला ग्रामसभेचा ठराव, गाव नकाशाची नक्कल, वापरातल्या रस्त्याचा नजरी नकाशा आणि लाभ होणाऱ्या वस्तीची लोकसंख्या जोडा. जिल्हा परिषदेवर प्रशासक असेल, सभागृह नसेल, तर फाईल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जाईल. एक प्रत आवक शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा.

---

पूर्णाकाठ | २५ जून २०२५

ताई, गट नंबर आज रात्रीच काढतो. चालू आराखड्यातल्या बदलासाठी ग्रामसेवकांशी उद्या बोलतो. त्या बुजलेल्या पाईपचं तोंड रविवारी गावकरी मिळून मोकळं करणार आहोत, निधीची वाट न पाहता. कोणाकडे अंदाजपत्रकातले इंग्रजी शब्द मराठीत समजावलेला कागद असेल, ताईंनी फळ्यावर लिहिला होता तसा, तर कृपया इथे टाका. ग्रामसभेआधी छापून घरोघरी द्यायचा आहे.

---

सरपंचताई_यवतमाळ | २६ जून २०२५

आमच्या फळ्याचा फोटो आहे. भाच्याकडून नीट टाईप करून घेते आणि शनिवारपर्यंत टाकते. थरांची जाडी मात्र तुमच्या अंदाजपत्रकावरूनच भरा, आमचे आकडे मुरमाड जमिनीचे आहेत.